शाल पांघरलेला चार्जर

आमच्या इमारतीच्या तळघरात एरवी माणसं जमतात ती एकमेकांच्या गाडीवरचे ओरखडे दाखवून भांडायला. त्या संध्याकाळी मात्र तिथे साठ-सत्तर जण हात जोडून उभे होते. मधोमध माझ्या ताईची विजेवर चालणारी पांढरी गाडी. तिच्यासमोर डोळे मिटलेले विद्युतानंद महाराज. आणि भिंतीवर, जांभळी लोकरी शाल पांघरून, आमचा एकुलता एक चार्जर. शालीतून त्याचा लाल दिवा दिसत होता. लाल म्हणजे चार्जिंग बंद.

"रुसलीय," महाराज म्हणाले. "वीज तारेतून येते, पण ती तारेची नसते! तुमच्या मनातला ऋणभार वाढला की व्होल्टेज मान फिरवतं. कोणी खोकू नका, इलेक्ट्रॉन बिचकतात."

खोकणाऱ्या आजोबांनी तोंडावर रुमाल धरला.

महाराजांनी शाल हळुवार काढली, घडी करून सेक्रेटरींच्या पसरलेल्या हातांवर ठेवली. गाडीत खुपसलेल्या चार्जिंगच्या गनवर ओलं फडकं टाकलं. विजेवर पाणी टाकायचं असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मग गाडीभोवती अकरा फेऱ्या, आणि त्याही अशा संथ की पाचव्या फेरीला माझा पाय झोपला. पंचवीस मिनिटांनी चार्जरमध्ये 'टक्' असा आवाज झाला आणि दिवा हिरवा झाला.

"लागला! लागला!" तळघर टाळ्यांनी दणाणलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराजांनी शाल पुन्हा चार्जरला आणि गनलाही नीट गुंडाळली. "दृष्ट लागू नये म्हणून," असं म्हणून ते आपल्या गाडीत बसले आणि गेले. त्यांची गाडी पेट्रोलवर चालायची. मी एकदा त्यांना याबद्दल विचारलं होतं. "दिव्याखाली अंधार असायचाच," असं म्हणून ते मोकळे झाले.

हे गृहस्थ पूर्वी दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला चार्जर दोन-तीनदा बंद पडला, तेव्हा सेक्रेटरींच्या मेहुण्याने त्यांना आणलं. महिन्याभरात इमारतीच्या वाचनालयात त्यांची बैठक सुरू झाली आणि पुस्तकं जिन्याखाली गेली. गंमत अशी, की महाराज यायच्या आधी चार्जर आठवड्यातून एकदा रुसायचा, ते आल्यापासून रोज रुसू लागला. यावरून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा, की महाराज वेळेवर आले, नाहीतर आपलं काय झालं असतं!

मी बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलंय. लोकांच्या चुका काढायची सवय हाडात मुरलेली. मी टोमणे मारायचो, लोक तोंड फिरवायचे. माझं हसू होई, महाराजांचं काही बिघडत नसे.

पण ताईचं बिघडत होतं. भावोजींना एक दिवसाआड डायलिसिस लागतं. रुग्णालय शेजारच्या जिल्ह्यात, नव्वद किलोमीटरवर, आणि सातची वेळ चुकली की जागा दुसऱ्याला जाते. त्या टाळ्यांच्या संध्याकाळनंतर पहाटे ताई भावोजींना धरून खाली आली, तर दिवा पुन्हा लाल. बॅटरी चौतीस टक्के. टॅक्सी मिळेपर्यंत तास गेला. भावोजी दुपारपर्यंत रुग्णालयाच्या बाकावर धापा टाकत बसले.

"माझीच श्रद्धा कमी पडली रे," ताई म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, श्रद्धेचा इथे काय संबंध? तो माणूस—"

"मग तू लावून दाखव ना दिवा हिरवा! नुसतं बोलतोस."

मी तणतणत तळघरात गेलो. चार्जरच्या शेजारच्या खोलीत इस्त्रीवाल्या मावशी काम करतात. त्यांच्या खिडकीतून चार्जर समोरच दिसतो. मी त्यांच्यापुढे महाराजांचा उद्धार केला. त्यांनी एक कॉलर बसवली, उलटवली, पुन्हा बसवली.

"भाऊ, ते महाराज आल्याआल्या पहिलं काय करतात?"

"मंत्र म्हणतात."

"मंत्र नंतर. पहिली शाल काढतात." त्यांनी इस्त्री उभी केली. तिचा दिवा नुकताच विझला होता. "ही तापली की हिचा दिवा जातो. निवली की परत येतो. वीस वर्षं बघतेय. मी कधी हिच्याभोवती फेऱ्या नाही घातल्या."

बत्तीस वर्षं चुका काढणारा मी तिथेच खाली बसलो.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गर्दी, पुन्हा लाल दिवा. सकाळी भावोजींना न्यायचं होतं. महाराजांनी शालीला हात घातला तोच मावशी पुढे झाल्या.

"महाराज, आज शाल राहू द्या की. नुसते मंत्र म्हणा."

"लोकरीतून मंत्र शिरत नाही, बाई."

"परवा तर म्हणालात, सात भिंतींतून जातो!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरींनी डोळे वटारले. तेव्हा ताई म्हणाली, "म्हणा ना, महाराज. माझ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी मंत्र म्हटले, फेऱ्या घातल्या, घाम पुसला. चाळीस मिनिटं झाली तरी दिवा लालच. "इथे एक संशयी नजर आहे," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी निमूटपणे रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी मला परत बोलावलं. संशयी नजर गेली होती, लाल दिवा गेला नव्हता.

मग मावशींनी शाल काढली. पाणी नाही, मंत्र नाही. स्टूल ओढून बसल्या आणि पुठ्ठ्याने चार्जरला वारा घालू लागल्या. तोंडाने एकच चालू होतं: सेक्रेटरी शर्टाची बटणं तुटकी देतात आणि वर मावशींनीच तोडली म्हणतात. अठराव्या मिनिटाला 'टक्' झालं. दिवा हिरवा!

"माझ्याच मंत्राचं फळ!" महाराज ओरडले. "जरा उशिरा आलं इतकंच!"

"मग घाला बघू शाल परत," मावशी म्हणाल्या.

सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने शाल गुंडाळली. कोणी जेवायला गेलं नाही. पन्नासाव्या मिनिटाला दिवा लाल झाला. लोकांनी मागे वळून पाहिलं, तर महाराजांची पेट्रोलची गाडी फाटकाबाहेर पडत होती.

ताईने शाल ओढून काढली आणि उलटी केली. आतल्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. लोकर करपली होती. अजून काही दिवस ही भक्ती चालली असती, तर तळघरात जाळ झाला असता आणि वर दहा मजले माणसं झोपलेली असती.

मावशी चार्जरवर बोट फिरवत होत्या. "भाऊ, मला वाचता येत नाही. हे काय लिहिलंय हो?"

चार्जरवर पिवळी पट्टी होती. ठळक अक्षरं, स्वच्छ छपाई, एकही चूक नाही. मी मोठ्याने वाचलं: "यंत्रावर कापड किंवा इतर काहीही टाकू नये. वारंवार लाल दिवा लागल्यास खालील क्रमांकावर त्वरित कळवावे."

ताईने तिथल्या तिथे फोन लावला. उघडा चार्जर रात्रभर चालला. सकाळी सातला भावोजी आपल्या जागेवर होते. दहा वाजता कंपनीचा माणूस आला. आतला एक स्क्रू सैल होता, त्यामुळे जोड तापायचा आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. शालीमुळे ती उष्णता कोंडून राहायची. शाल महाराजच घालायचे, महाराजच काढायचे. दुखणंही त्यांचं, औषधही त्यांचं. कंपनीच्या माणसाने स्क्रू दोन आटे आवळला, काळवंडलेली तार बदलली आणि चहाही न घेता गेला. त्याला कोणी हार घातला नाही.

वाचनालयात पुस्तकं परत आली आहेत. सेक्रेटरी हल्ली बटणं मोजून शर्ट देतात. आणि जो कोणी मला भेटतो त्याला मी एवढंच सांगतो: बाबांनो, यंत्र बिघडलं तर त्याच्यापुढे हात जोडू नका, आधी त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा. चमत्कार दिसला तर टाळी वाजवण्याआधी विचारा, यातली एक गोष्ट काढून टाकली तर काय उरेल? हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. तो मावशींनी विचारला, ज्यांना ती पट्टी वाचता येत नव्हती. आम्हा सगळ्यांना येत होती.