हाताचं वजन

माणसानं तीस-पस्तीस वर्षं एकच काम केलं की ते त्याच्या हातात उतरतं, आणि मग त्या हातानं दुसरं काहीही करायला घेतलं तरी तेच होऊन बसतं, ही गोष्ट निरीक्षकांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एका अडीच वर्षांच्या मुलीकडून कळली. त्यांची हयात वजनमाप खात्यात गेली होती. दुकानदार तराजू उचलताना करंगळी कुठे टेकवतो, पारड्याच्या बुडाला मेण कुठे चिकटवलेलं असतं, काटा मध्यावर यायच्या आत माल पिशवीत कसा ओतला जातो, हे त्यांना दहा पावलांवरून दिसत असे. दिसलं की ते आत शिरून एक अक्षर न बोलता नुसतं बोट दाखवत. या कीर्तीमुळे निवृत्तीनंतरही बाजारात त्यांना सगळं मापापेक्षा जरा जास्तच मिळे. गप्पा मारायला मात्र कुणी थांबत नसे.

अशा माणसावर नातीला झोपवायची पाळी आली होती. मुलगी अकरा महिन्यांपूर्वी, याच घरात, आतल्या खोलीत, लांबलेल्या दुखण्यानं गेली होती. बायको त्याच्या बरीच वर्षं आधी. जावई दूरच्या गावी नोकरीला, त्याची राहायची नीट सोय नाही, म्हणून नात आजोबांकडे राहिली. तिला सगळे मुंगी म्हणत. जन्मली तेव्हा ती वजनाला कमी भरली होती, आणि तिच्या आईनं बाळंतिणीच्या खाटेवरूनच ‘बाबा, भरा हिच्यावर खटला!’ असं म्हणून पोट धरून हसत हसत हे नाव ठेवलं होतं.

जावयाचा फोन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आला.

“बाबा, घर मिळालं. महिनाअखेरीला न्यायला येतो मुंगीला. पाळणाघरही चांगलं आहे इथलं, पण त्यांची एक अट आहे. दुपारी मूल आपलं आपण झोपलं पाहिजे. वीस मुलं, दोन बाया, थोपटत कोण बसणार?”

“आणि नाही झोपली तर?”

“मग अजून वर्षभर तुमच्याकडेच ठेवावी लागेल.”

जावई हे काळजीनं म्हणाला होता. निरीक्षकांनी फोन ठेवल्यावरही ते वाक्य बराच वेळ कानाशी धरून ठेवलं.

पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. त्यांनी शेजारच्या नर्सबाईंना बोलावलं. बाईंनी मुलांच्या इस्पितळात सव्वीस वर्षं काढली होती आणि आता त्या गल्लीतल्या मोठ्या माणसांना मुलांसारखं वागवून उरलेलं आयुष्य काढत होत्या. निरीक्षक मुंगीला कसं झोपवतात हे त्यांनी दारात उभं राहून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अहो साहेब, पोर आहे ते, पार्सल नाही! शिक्के काय मारताय?”

“झोपते ती.”

“झोपत नाही, शरण येते. आता ऐका. चार दिवस हात पूर्ण ठेवायचा, पण माणसासारखा. मग नुसता टेकवायचा. मग पाठीच्या जरासा वर धरायचा. ऊब कळली पाहिजे, वजन नाही. मग खुर्चीत बसायचं. आणि खुर्ची रोज एक फरशी मागे. दारापर्यंत पोचलात की सुटलात.”

“कोण सुटलं?”

“दोघंही. ती रडली तरी उचलायचं नाही. आणि तुम्हाला रडू आलं तर बाहेर जाऊन रडायचं.”

निरीक्षकांनी हे सगळं एका कागदावर उतरवून आतल्या खोलीच्या दारावर लावलं आणि सरकारी आदेश पाळावा तसं पाळायला घेतलं. मुंगी आधी रडली, मग रुसली, मग तिनं ‘आबा, हात दे’ असं इतक्या साध्या आवाजात म्हणायला सुरुवात केली की दोनदा त्यांना बाहेर जावं लागलं. पण आठव्या दिवसापर्यंत गाडी हात टेकवण्यापर्यंत आली होती. नवव्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमारास, मुंगीचा श्वास संथ झाल्यावर त्यांनी तळहात तिच्या पाठीवरून अलगद उचलला, आणि पाठीवरचं कापड उचललं गेलं नाही.

तिनं पिवळा, जरा ढगळ फ्रॉक घातला होता. हात काढला की असा फ्रॉक फुगून वर येतो. हा आला नाही. तो खांद्यांच्या मधोमध दबलेलाच राहिला, आणि दबलेल्या जागेपासून मानेकडे चार बारीक पन्हळी गेल्या होत्या. निरीक्षक बघत राहिले. थोड्या वेळानं ती जागा किंचित वर आली आणि पुन्हा खाली गेली. दोनदा लागोपाठ, आणि तिसऱ्यांदा जरा थांबून. पुन्हा दोनदा लागोपाठ, आणि तिसऱ्यांदा जरा थांबून.

असं त्यांच्या घरात एकच माणूस थोपटत असे.

त्यांनी आधी पंखा बंद केला. मग खिडकी लावली. मग स्वतःचा श्वास रोखून पाहिला. निरीक्षकांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांमुळेच तर त्यांचं खातं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीतून पोती तोलायचा जुना सपाट काटा ओढत आणला, पुसला, पितळी वजनं ठेवून तपासला, आणि त्यावर मुंगीची गादी घातली. मुंगीला हा नवा खेळ फारच आवडला. गादी, चादर आणि मुंगी मिळून चौदा किलो सहाशे ग्रॅम भरत होती. ती झोपली. निरीक्षकांनी हात काढून घेतला आणि खुर्ची दोन फरशा मागे नेली. काटा चौदा सहाशेवर आला, तिथे क्षणभर थांबला, आणि मग हळूहळू पुढे सरकत बरोबर पंधरावर जाऊन थरथरू लागला.

चारशे ग्रॅम.

मुंगी उठल्यावर त्यांनी रिकाम्या काट्यावर स्वतःचा हात सैल सोडून ठेवला. साडेपाचशे भरला. म्हणजे तो हात त्यांच्या हातापेक्षा बराच हलका होता. शेवटच्या महिन्यात मुलीचा हात किती हलका झाला होता हे त्यांना सांगता आलं नसतं, कारण तो त्यांनी कधी हातात घेतलाच नव्हता. सेवा म्हणाल तर त्यांनी कसूर ठेवली नव्हती. औषधाच्या वेळा मिनिटावर, ताप दर चार तासांनी, पातळ औषध थेंबाथेंबानं मोजून. एका दुपारी ती जागी होती आणि तिनं चादरीवरून हात त्यांच्याकडे सरकवला होता, तळवा वर करून. त्यांनी त्यावर गोळी ठेवली. ती थोडा वेळ गोळीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “बरोबर आहे बाबा, माप बरोबर आहे.” त्यानंतर तिनं हात पुढे केला नाही.

त्या संध्याकाळी जावयानं फोनवर विचारलं, “कसं चाललंय बाबा? जमतंय का तिला?”

“नाही जमत,” निरीक्षक म्हणाले. “हात काढला की उठते.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खोटं माप दिलं, आणि आश्चर्य म्हणजे जीभ जराही अडखळली नाही. इतकी वर्षं ज्यांना पकडलं त्या सगळ्यांविषयी त्यांना एकदम आपुलकी वाटली.

मग दुपारची ते सकाळपासून वाट बघू लागले. जेवण लवकर उरकत, भांडी तशीच ठेवत, मुंगीला आतल्या खोलीत नेत. मुंगी आता कुरकुरतही नसे. ती कुशीवर वळे, भिंतीकडे तोंड करी आणि झोपी जाई. निरीक्षक खुर्चीत बसून तो फ्रॉक दबताना बघत. एक दिवस न राहवून ते उठले, चवड्यांवर चालत गेले आणि त्या दबलेल्या जागेवर त्यांनी आपला हात ठेवला, म्हणजे ठेवायला गेले. त्यांची बोटं पोचायच्या आतच कापड झटक्यात वर आलं, फुगलं, नुसता फ्रॉक उरला. मुंगी दचकून उठली आणि ओठ काढून रडू लागली. ते परत खुर्चीत जाऊन बसले. ती पुन्हा झोपली, आणि बऱ्याच वेळानं, जणू ते खरोखर खुर्चीतच बसलेत याची खात्री करून घेतल्यावर, कापड पुन्हा खाली गेलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ते उठलेच नाहीत. नुसते म्हणाले, “बाळा, मी काही करत नाही गं. मी इथेच बसतो.” थोपटणं चालू राहिलं. त्या दिवसापासून खुर्ची एक एक फरशी मागे न्यायला त्यांना कागदाची गरज उरली नाही.

मुंगीला त्यांनी एकदा सकाळी दूध पिताना विचारलं, “दुपारी तुला कोण थोपटतं गं?”

“कोणी नाई.”

“कोणीच नाही?”

“मी झोपते,” मुंगी म्हणाली, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून असेल, तिनं कारणही सांगितलं. “आबाचा हात जड.”

घोटाळा नर्सबाईंनी केला. कात्री परत द्यायला म्हणून त्या दुपारी आल्या, हाका मारत थेट आतल्या खोलीपर्यंत पोचल्या, आणि उंबऱ्याशी खुर्चीत बसलेले निरीक्षक आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गाढ झोपलेली मुंगी बघून त्यांनी आनंदानं तोंडावर हात ठेवला.

“अहो साहेब! ही तर एकटी झोपलीय!”

“एकटी नाही,” निरीक्षक म्हणाले.

“मग? तुम्हाला धरायचं का? तुम्ही तर निम्मे बाहेर बसलायत.” बाई पुढे जाऊन पलंगाच्या कठड्यावरून वाकल्या. बाईंनी बराच वेळ बघितलं, मग परत येत हलक्या आवाजात म्हणाल्या, “फ्रॉक घट्ट व्हायला लागला हो पोरीला, पाठीत बघा कसा ताणलाय. नवे घ्या दोन.”

त्यांनी त्याच संध्याकाळी जावयाला फोन करून निरीक्षकांचं इतकं कौतुक केलं की तो महिनाअखेरीची वाट न बघता रविवारीच गाडी घेऊन आला. निरीक्षकांनी मुंगीचे कपडे घड्या घालून दिले. जावई निघताना त्यांच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच म्हणाला, “बाबा, तुम्ही होतात म्हणून.” मग उठून त्यानं मुंगीला गाडीत बसवलं. मुंगीला गाडीची काच खालीवर करता येते हे कळल्यामुळे तिला दुसऱ्या कशाचं भान नव्हतं. वळणापर्यंत ती काच चार वेळा खाली झाली आणि चार वेळा वर.

निरीक्षक आशेवर होते, हे सांगायला हवं. मुंगीला आपलं आपण झोपता येत नाही, हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. तिकडे थोपटायला कुणी नाही. दोन दिवस रडेल, चार दिवस रडेल, पाळणाघरवाल्या बाया हात टेकतील आणि पोर परत येईल. वर्षभरासाठी. त्यांनी तिचा पलंग हलवला नाही, चादर बदलून नवी घातली, आणि सोमवारी दुपारी फोनशेजारी जाऊन बसले.

फोन अडीचला आला.

“बाबा, कमाल आहे तुमची! पाळणाघरातून आत्ताच कळलं. अंथरुणावर पडली, कुशीवर वळली, झोपली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाई विचारत होत्या, कुणी शिकवलं हिला?”

“छान,” निरीक्षक म्हणाले, “छान झालं,” आणि त्यांनी फोन ठेवला.

मग पलंग आवरायला म्हणून ते आतल्या खोलीत गेले. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. पलंगावर कुणी नव्हतं, आणि मधोमध, भिंतीपासून वीतभर अंतरावर, नवी चादर दबत होती. दोनदा लागोपाठ, आणि तिसऱ्यांदा जरा थांबून.

ते दारातच थांबले. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.

“गेली ती,” मग ते हळूच म्हणाले. “झोपली तिकडे. तिला येतं आता.”

चादर दबत राहिली.

“बाळा, हात काढ आता. कुणी नाहीये तिथे.”

चादर दबत राहिली, पूर्वीपेक्षा सावकाश, मूल आता झोपेलच अशा बेतानं.

निरीक्षकांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला. पलंगाचा कठडा खाली केला. त्या एवढ्याशा पलंगावर ते आधी बसले, मग आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले, भिंतीकडे तोंड केलं आणि पाठ मोकळी ठेवून डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. मग सदऱ्यावर, खांद्यांच्या मधोमध, अगदी हलकं काहीतरी येऊन टेकलं, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं.

तो हात थोपटत नव्हता. तो त्यांच्या पाठीवरून खांद्यापर्यंत गेला, तिथून कमरेपर्यंत आला, आणि मग त्यांच्या कुशीखाली, उशीच्या कडेला, भिंतीच्या फटीपर्यंत घाईघाईनं चाचपत राहिला, अंथरुणात हरवलेलं काहीतरी लहानसं शोधावं तसा.