तान आजींची शेवई आणि माझी सुकलेली जीभ

मी एक जुनी सुओना आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो! तुमच्या मांडवाच्या दाराशी सनई वाजते ना, तिची मी लांबची बहीण. ती लाजाळू, मी भांडखोर. मी तोंड उघडलं की तीन शेतं पलीकडचं गाढवसुद्धा कान टवकारतं.

अंग लाकडाचं, कर्णा पितळेचा आणि तोंडात बोरूची इवलीशी जीभ. ती जीभ चहात भिजवली तरच मी बोलते. सुकी राहिली की मी चुलीची फुंकणी.

गंग देफूला मी त्याच्या बापाकडून मिळाले. चीनच्या हनान प्रांतातल्या आमच्या पंचक्रोशीत लग्न असो की मयत, माझ्याशिवाय पान हलत नसे. देफू गाल फुगवून वाजवायला लागला की पोरं ओरडायची, "बेडूक आला!" लोक पाया पडायचे नाहीत, पण दारू पाजायचे. आमचं भागत होतं.

मग कपाटाएवढे भोंगे आले. बटण दाबलं की गाणं! मी पिशवीत गेले, पिशवी खिळ्यावर गेली आणि माझा लाल गोंडा उंदराने नेला.

एक दिवस शहरातला एक खानावळवाला म्हणाला, "भिंतीवर शोभेला टांगतो, द्या." देफूची बायको कुइयिंग नवऱ्याला म्हणाली, "शेजारच्या तान काकूंचा ऐंशीचा वाढदिवस आहे. वाजवायला बोलावलं तर ठेवू. नाही बोलावलं तर दुसऱ्याच दिवशी त्याला देऊन टाकू. उंदरांना किती दिवस पोसायचं?"

देफूने मान डोलावली. एकदा भिंतीवर गेले की फुंक कोण घालणार, सांगा!

तान आजींचं आणि आमचं अंगण एकाच भिंतीचं. त्यामुळे सगळा निवाडा आम्हाला ऐकू आला. आजी म्हणत होत्या, "सुओना पाहिजे. तिच्याशिवाय वाढदिवस म्हणजे मिठाशिवाय शेवया."

शहरात नोकरी करणारा त्यांचा नातू हाइबो हसला. "वाजेल की, आजी! माझ्या फोनमध्ये शंभर सुओना आहेत. त्या दमत नाहीत, दारू मागत नाहीत आणि पाहुण्यांवर थुंकी उडवत नाहीत."

"थुंकी?" भिंतीच्या अलीकडे देफू पुटपुटला. झालं! त्याला बोलावणं आलं ते नुसतं जेवायला. तरी त्याने मला काखोटीला मारलंच. "दिसू दे त्यांना, काय नको म्हणाले ते."

अंगणात लाल टेबलं मांडली होती. पीचच्या आकाराच्या गुलाबी पावांचा डोंगर रचला होता. लाल जाकिटातल्या आजी मधोमध बसल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात त्या मरता मरता वाचल्या होत्या. तेव्हापासून घुबड बोललं तरी विचारायच्या, "मला न्यायला आलं का गं?" म्हणून तर सगळं घर त्या दिवशी जपून वागत होतं.

आजींपुढे आयुष्याची शेवई आली. अख्ख्या वाडग्यात एकच लांबलचक शेवई. ती न तोडता ओढायची. तुटली तर आयुष्य तुटलं! आजींनी टोक तोंडात घेतलं. हाइबोने ऐटीत बटण दाबलं.

भोंग्यातून सुओना वाजली. सुरेल, संथ. आणि आमच्या गावात शवपेटी अंगणातून उचलतात तेव्हा वाजते, नेमकी तीच चाल!

हाइबो शहरात वाढलेला. त्याच्या लेखी सुओना म्हणजे सुओना. तो बिचारा पायाने ताल धरत होता. म्हाताऱ्यांच्या जेवणाच्या काड्या मात्र तोंडापाशीच थांबल्या. खोटं कशाला बोलू, मला आधी गुदगुल्याच झाल्या. मग मी आजींकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक आणि ओठातून लोंबणारी शेवई थरथरत होती. ओढायचं बळ नाही, तोडायची छाती नाही.

हाइबोच्या आईने धावत जाऊन वायर उपटली. सूर मधेच तुटला. अर्धवट तुटलेली मयताची चाल तर त्याहून अपशकुनी.

"कोण गेलं?" कोणीतरी कुजबुजलं.

देफूच्या शेजारचा ढोलकीवाला त्याच्या कानाशी लागला. "गप्प बस. भोंगा फसला. उद्यापासून सगळे तुझ्याच दारात."

अगदी खरं होतं. देफूने शेवईकडे पाहिलं आणि माझी जीभ चहाच्या कपात टाकली. पण ती महिनाभर सुकलेली! लगेच थोडीच भिजणार? शेवई ताणली जात होती. अजून नाही. अजून नाही. शेवटी देफू उठला, मला तोंडाला लावलं आणि भोंग्याने जिथे सोडली होती तिथूनच ती रडकी चाल उचलली.

"देफू, वेड लागलं का?" बायका ओरडल्या. हाइबोचा बाप बाह्या सरसावून धावला.

देफूने गाल फुगवले. तो रडका सूर वर चढत गेला, चढत गेला आणि त्याचा झाला कोंबडा! बांग दिली. मागोमाग अंडं घातलेल्या कोंबडीचा कलकलाट. आणि मग चाळीस वर्षं भिंतीपलीकडून रोज सकाळी ऐकलेली आजींची ती हाक: "देफूऽऽ! तुझी कोंबडी परत माझ्या कोबीत!" माझ्याकडे शब्द नाहीत, पण हेल सगळा. शेवटचा तो चिरका झटकासुद्धा! पोरंटोरंही ओळखून खिदळली. देफूने पुन्हा वाजवलं, अजून चिरकं.

आजींचा पांढरा चेहरा लाल झाला. भांडायचं तर तोंड रिकामं हवं. सुर्रर्र! शेवई अख्खी आत!

"मेल्या बेडका! मी अशी किंचाळते? आणि कोंबडी तुझीच होती!"

"आणि कोबी, काकू?"

"कोबी माझा!"

अंगण हसून लोळलं. हाइबो कान धरून उभा राहिला. मग आजींनीच त्याला भोंगा लावायला सांगितला आणि पोरं त्यावर नाचली. भोंगा वाईट नाही हो. फक्त समोर कोण बसलंय ते त्याला दिसत नाही.

निघताना आजींनी मला हातात घेतलं. "देफू, ती मघाची रडकी चाल माझ्यासाठी राखून ठेव. माझ्या वेळी यंत्र नको. पण घाई नाही हं!"

दुसऱ्या दिवशी खानावळवाला आला. कुइयिंगने दारातच अडवलं. "द्यायची नाही. तिला बोलावणं आहे."

"कधीचं?"

"ते काकूंनी सांगितलं नाही."

आजींना आता चौऱ्याऐंशी वर्षं झालीत. अधूनमधून भिंतीपलीकडून विचारतात, "सुओना भिजवतोस ना रे?" देफू उत्तरादाखल त्यांचीच हाक वाजवतो आणि शिव्या खातो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं वाद्य खिळ्यावर असेल. त्याला खाली घ्या, पुसा, वाजतं ठेवा. ऐन वेळी जीभ सुकलेली असली तर फार धाकधूक होते! मला तर कामाची कायम भूक. पण आजींनी सांगून ठेवलेलं हे एक काम कधी न आलेलंच बरं. माझी जीभ चहात भिजत राहो आणि आजींची कोबीवरून सुटत राहो!