अकरा तालुके

सिंधूला राग आला की तिचा आवाज खाली जायचा. तिची सासू सिद्धम्मा शेजारणींना सांगायची, "भांडी आपटणारी सून परवडली बाई. ही हळू बोलाय लागली की मी उठून अंगणात जाते."

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी एका सकाळी शाळेजवळच्या हापशावर तिला तिची लेक गुरम्मा दिसली. पोरगी सात वर्षांची, दुसरीत. अकरा वाजले होते, रांग मारुतीच्या पारापर्यंत गेली होती, आणि गुरम्मा पितळी घागरीवर हात ठेवून रांगेत उभी होती. घागर घरची नव्हती.

"कुणाची गं?"

"गुरुजींची. आज माझी अन् लिंबाच्या घरच्या कमलीची पाळी हाय."

"अन् शाळा?"

"शाळा चालूच हाय की. पोरांला हिशेब घालून राहिलेत गुरुजी."

संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर सिंधूनं पोरीपुढं दुसरीचं पुस्तक ठेवलं. गुरम्मानं धडा घडाघडा म्हणून दाखवला. तिचं बोट मात्र भलत्याच ओळीवरून चाललं होतं. सिंधूनं पान उलटलं, तरी तोच धडा चालू राहिला. मग तिनं एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे अक्षर कोणतं. घ होता. जी पोर आठवड्यातून तीनदा घागर वाहत होती तिला घ ओळखता येईना.

त्या रात्री सिंधू जेवली नाही. सासूला वाटलं, उपास असंल कसला तरी. सिंधूचे उपास-तापास नेहमीचेच होते.

दुसऱ्या दिवशी कपाळाला विभूती लावून, डोक्यावरचा पदर नीट करून ती शाळेच्या दारात उभी राहिली. व्यंकटी मास्तर खुर्चीवर पाय घेऊन बसले होते.

"मास्तर, उद्यापासून माझी पोरगी येणार न्हाई."

"का वो बाई? पाण्याचा राग आला? मास्तरानं काय कोरड्या घशानं शिकवावं? पोरींना पुढं जाऊन हेच करायचंय की."

"ते करंल ती घरी. त्यासाठी शाळेत घालायची गरज न्हाई."

"मग तुम्ही शिकवणार का?" मास्तर हसले. पोरंही हसली.

"हाव," सिंधू म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि मगच तिला कळलं की तो गेला.

सिंधू उदगीरला सातवीपर्यंत शिकलेली. पहिल्या नंबरानं पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. आता पोरीला शिकवायचं तर काय शिकवायचं, यावर घरात ज्याचं त्याचं एकेक म्हणणं निघालं. नवरा मल्लिकार्जुन उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होता. तो रविवारी घरी यायचा. तो म्हणाला, "चिठ्ठी वाचता आली, पोत्यावरचा आकडा वाचता आला, झालं. तिला काय तहसीलदार करायची हाय?" सिद्धम्माला वाटत होतं, पोरीकडून रोज संतांची दोन वचनं पाठ करून घ्यावी, तोंडाला वळण लागतं. शेजारच्या नागुबाईनं आधी भाकरी शिकव म्हणून सांगितलं आणि नंतर स्वतःच्या दोन्ही पोरींना घरी पाठवून दिलं, बघू काय शिकवती ते. चार दिवसांनी त्या आल्याच नाहीत. नागुबाई म्हणाली, "त्यांना लिहायचं म्हणलं की ताप येतो."

सिंधूनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि केलं आपल्या मनाचं. भावाच्या घरून पोरांची जुनी पुस्तकं मागवली. वाचन, गणित आणि तिसरीचा भूगोल. भूगोलाला मुखपृष्ठ नव्हतं, पहिलं पान होतं, त्यावर 'आपला जिल्हा'. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की त्याच जागी पोरीला बसवायची. आधी वाचन, मग पाढे. पाढे तिनं तिच्या बापानं शिकवले तसे शिकवले, पावकी, निमकी, सवायकी, औटकी. बापाला ते सगळं तोंडपाठ असायचं. साडेतीनाचा पाढा म्हणजे औटकी, तो ज्याला येतो त्याला बाजारात कुणी फसवत नाही, असं तो म्हणायचा. गुरम्माला तो पाढा इतका आवडला की ती जात्यावर बसूनही म्हणायची, सात औट साडेचोवीस, आठ औट अठ्ठावीस.

सगळे दिवस सारखे नव्हते. कधी पोरीला काल आलेलं आज येत नसे. ळ उलटा काढायची. एकदा उन्हाच्या तलखीत, टँकर आला नव्हता, घरात प्यायला तांब्याभर पाणी होतं, तेव्हा चवथ्यांदा उलटा ळ बघून सिंधूनं पाटी हिसकावून भिंतीवर मारली. पाटीचा कोपरा उडाला. मग ती देवघरात जाऊन बसली आणि लिंगावर हात ठेवून किती तरी वेळ नुसतीच बसली. बाहेर येऊन बघते तर गुरम्मा फुटक्या पाटीवर ळ काढत होती, सुलटा, एकाखाली एक, सोळा.

दुसऱ्या वर्षी पाऊस पुन्हा रुसला. टँकर आठ दिवसांनी यायला लागला. भूगोल गुरुवारी असायचा. एका गुरुवारी गुरम्मानं पुस्तकातून मान वर काढली.

"अव्वा, टँकरवर 'लातूर' लिवलंय. जिल्हा परिषद, लातूर."

"हाव."

"मग पुस्तकात उस्मानाबाद कसं काय?"

सिंधू ज्वारी निवडत होती. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. तो झाला त्या दिवशी गावात पेढे वाटले होते, सिंधूनंही खाल्ला होता. तिला माहीत नव्हतं असं नाही. पण सातवीच्या परीक्षेत तिनं एक उत्तर आपल्या शब्दांत लिहिलं होतं आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती, ते तिच्या मनात अजून होतं.

"परीक्षेत पुस्तकातलं विचारतात. टँकरवरचं कोण विचारत न्हाई," ती म्हणाली. "पुस्तकात हाय तसंच सांगायचं."

गुरम्मानं अकराही तालुके चालीवर पाठ केले.

मग तिसरं वर्ष लागलं. गुरम्मा नऊची झाली आणि सिंधूजवळचं शिकवायचं संपत आलं. पाचवीला इंग्रजी असतं, ते तिला धड येत नव्हतं. आणि चौथीच्या दाखल्याशिवाय पाचवीत कुणी घेत नाही. म्हणून जूनमध्ये ती पोरीला घेऊन सडकेवरच्या मोठ्या गावी गेली. तिथली शाळा चौथ्या इयत्तेत घेईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. वय चौथीचं होतं, वाचनही चौथीचं होतं. आणखी एक वर्ष मागं गेलं की पोरीला ओढून चुलीपुढं बसवायला घरचे टपलेलेच होते. मल्लिकार्जुन म्हणालाच होता, "चौथीत घेतलं तर ठीक. न्हाई तर पुरे झालं हे खूळ."

हेडमास्तर शेषेराव नीटनेटके गृहस्थ होते. सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी गुरम्माला चौथीच्या पुस्तकातला कधी न पाहिलेला धडा दिला. तिनं तो अडखळत वाचला, पण वाचला. भागाकार केला. मग त्यांनी आठ त्रिक किती, ते विचारलं. तिनं चोवीस सांगितले आणि लगेच पुढं म्हणाली, "अन् आठ औट अठ्ठावीस."

"हे काय?"

"औटकी."

हेडमास्तर हसले. बाजूला बसलेल्या दोन मास्तरांकडं बघून म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही हे. बाई, पोरीला शाळेत घालायची का आडतीवर बसवायची?"

सोमवारचा उपास होता, सिंधूनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"बरं. आपला जिल्हा कोणता?"

गुरम्मानं आईकडं पाहिलं. "उस्मानाबाद."

"तालुके किती?"

"अकरा. उस्मानाबाद, तुळजापूर, परांडा, भूम..."

ती चालीवर सुरू झाली आणि ऑफिसात हसण्याची लाट आली. दारातला शिपाई रामकिशन म्हणाला, "बाई, जिल्हा बदलला, तुमच्या वाडीला तार आली न्हाई का?" पोरीनं तरी म्हणणं थांबवलं नाही. अकरावा उदगीर म्हणूनच ती थांबली, कारण मधे थांबलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, असा सिंधूचा नियम होता.

"पहिलीत बसवा," हेडमास्तर म्हणाले. "आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो हे ज्या पोरीला ठाऊक नाही तिचा पायाच कच्चा. घरच्या घरी शाळा काढली की असंच होतं."

"नऊ वर्सांची हाय ती. पहिलीत सहाची लेकरं असतात."

"मग मी काय करू? तुम्हीच बसवलीत घरी."

सिंधूचे कान तापले. तिनं विचारलं, "तुमच्याकडं नवं पुस्तक आलं का, गुरुजी? लातूरचं?"

"येईल."

"मग आता काय शिकवता?"

"तेच. पोरांना सांगितलंय, वरचं नाव खोडून लातूर लिहा."

"अन् तालुके?"

शेषेरावांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "ते नव्या पुस्तकात येईल."

"म्हणजे नाव खोडलं ते पास, अन् न्हाई खोडलं ती पहिलीत." सिंधूचा आवाज इतका खाली गेला की दारातला रामकिशन आत सरकला. "तुमच्या चौथीतलं कोणतं बी लेकरू बोलवा अन् तालुके विचारा. मी इथंच उभी हाय."

कुणी कुणाला बोलावलं नाही. हेडमास्तरांनी घसा साफ केला आणि पोरीकडं वळले. "पोरी, तुझी वाडी कोणत्या जिल्ह्यात?"

"लातूर."

"मग मघाशी?"

"मघाशी मला वाटलं पुस्तकातलं विचारलं."

"तुला ठाऊक होतं?"

"हाव. टँकरवर लिवलंय. पर अव्वा म्हणली, परीक्षेत पुस्तकात हाय तसंच सांगायचं."

ऑफिसात आता कुणी हसत नव्हतं. सिंधूला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बोट एका ओळीवर आणि तोंडात दुसरी, म्हणून पोर शाळेतून काढली. आणि पोरीनं स्वतःच्या डोळ्यांनी जे वाचलं, पाणी भरता भरता, धुळीत, ते आपणच तिला गिळायला लावलं. व्यंकटी मास्तरावर दोन वर्षं जो राग जपला होता तो आता उलटून अंगावर आला.

"गुरुजी," ती म्हणाली, "चूक तिची न्हाई. माझी हाय. पहिलीत बसवायचं तर मला बसवा."

शेषेरावांनी रजिस्टरची पानं चाळली. "चौथीत घेतली तर तपासणीला साहेब विचारतील, दोन वर्षं कुठं होती म्हणून. तिसरीत घेतो. याच्यापुढं मला जाता येत नाही."

"तिसरीतलं सगळं येतंय तिला."

"तिसरी. नाही तर घरी न्या."

"नेते," सिंधू म्हणाली. तिनं पिशवी उचलली. "चल गं."

गुरम्मा उठली नाही. "अव्वा, मी तिसरीत बसते."

"सगळं येतंय तुला तिथलं."

"येऊ दे की. बसते मी." मग खाली बघत म्हणाली, "घरी दुसरं कुणी विचारतच न्हाई मला. तूच विचारती अन् तूच सांगती."

सिंधूनं पिशवी धरून ठेवली. तिला पोरीचाही राग आला, अगदी भाजून काढणारा, आणि त्या रागात ती एक क्षण पोरीचा दंड धरून ओढणारच होती. मल्लिकार्जुनाला काय सांगायचं ते तिला आत्ताच दिसत होतं, आणि ते सांगताना आपला आवाज किती खाली जाईल तेही. पण पोरगी खाली बघत असली तरी जागची हलत नव्हती. हा हट्ट कुणाकडून आला, हे सिंधूला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं पिशवी खाली ठेवली.

"लिहा तिसरी," ती म्हणाली.

लिपिकानं फॉर्म भरला. नाव, वय, धर्म, जात. मागची दोन वर्षं कोणत्या शाळेत, तिथं तो थांबला, मग स्वतःच लिहून टाकलं आणि सहीसाठी कागद फिरवून पुढं केला. अंगठ्यासाठी शाईचं पॅडही सरकवलं.

सिंधूनं पॅड बाजूला केलं आणि कागद वाचला. लिहिलं होतं, 'दोन वर्षे घरीच बसून.'

"बसून खोडा."

"बाई, असंच लिहितात. सगळ्यांचं असंच असतं."

"सगळ्यांचं असंल. ही बसून नव्हती. शिकत लिहा."

"फॉर्ममध्ये तसं चालत न्हाई."

"मग न्हाई चालू दे." तिच्यामागं तीन माणसं दाखल्यासाठी उभी होती. ती हलली नाही. लिपिकानं हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते.

शेवटी लिपिकानं 'बसून' खोडलं आणि वर 'शिकत' लिहिलं. शि, क, त, असं सिंधूनं बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं. मग तिनं पेन मागून घेतलं आणि पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, असं सावकाश, कागदाच्या कडेपर्यंत सही केली.