मला भोक पाडायला निघाले होते

मी एक तबकडी बोलतेय, हेवी मेटलची. मुरडलंत ना नाक? मुरडा. चाळीस वर्षं मी मुरडलेली नाकंच पाहतेय.

मला 'गोंगाट' म्हणणाऱ्यांची मला कीव येते. माझ्या दोन गिटारी एकाच सुरात निघतात, पुढे वेगळ्या होतात आणि तरी एकमेकींना सोडत नाहीत. हे ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी कान फक्त चष्मा अडकवायला ठेवलेत. ड्रमवाला ठोका केसभर उशिरा देतो, मुद्दाम. म्हणून तर माझी चाल जड. गायक तळापासून चढत जातो तो किंचाळायला नव्हे, त्याला तिथला सूर हवा असतो.

मी खरी कळले ती एकाच माणसाला. कारखान्यात लेथवर लोखंड तासायचा तो. मशीनवर नुसता हात ठेवून वेग सांगायचा. त्याच खडखडाटात त्याचे कान गेले. मी खोक्यात गेले आणि त्या खोक्यासकट तो लेकीकडे राहायला आला.

जावयाबद्दल तर विचारूच नका. माझ्या वेष्टनावरचं चित्र टी-शर्टवर मिरवतो, पण मला कधी ऐकलं नव्हतं. त्याला माझं भिंतीवरचं घड्याळ करायचं होतं. आकडे बसवायला भोकं पाडायची म्हणून ड्रिल आणून ठेवलं आणि गंमत म्हणून एकदा मला लावलं. तेही छोट्या तबकड्यांच्या वेगावर! माझा तो भारदस्त गायक चिवचिवायला लागला.

"बाबा, हे ऐकायचात तुम्ही?" जावई पोट धरून हसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा उठला. त्याने स्पीकरवर तळहात ठेवला.

"पळतंय हे. वेग उतरवा, जावईबापू."

उतरवला. मग अशी वाजले की कपाटातल्या बशा थरथरल्या. पुढे माझी शांत जागा आली. संपलं असं समजून जावयाने सुईकडे हात नेला.

"थांबा," म्हातारा म्हणाला. "अजून आठ ठोके."

डोळे मिटून त्याने एकेक बोट दुमडलं. आठवं दुमडलं आणि ड्रम कोसळले.

जावयाचं हसू तिथेच विरलं. ड्रिल त्याने स्वतःच उचलून आत नेलं.

आता तो रोज मला लावतो आणि रोज सहाव्या ठोक्यालाच मान हलवतो, मूर्ख कुठला. म्हातारा त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला थोपवतो. माझं मागणं एवढंच, की म्हातारा आहे तोवर या गाढवाला आठपर्यंत मोजता येऊ दे.