माझं घर दुसऱ्या खणात आहे हो!

मित्रांनो, ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर, जिन्याखालच्या कपाटात घरघरत बसलेला तो जुना सर्व्हर म्हणजे मी. सगळ्यांच्या फाइली सांभाळणारा, कधी न झोपणारा संगणक. देवाने मला गळा दिला नाही. दुसऱ्याचा गळा सांभाळायचं काम मात्र दिलं.

तो गळा बुवांचा. बुवा गाऊन प्रवचन सांगायचे. सांगता सांगता सूर लागायचा आणि समोरची माणसं आपोआप डोलू लागायची. ते सारं माझ्यात साठत गेलं. तेव्हा माझं कौतुक काय विचारता! पुढे बुवांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज कायमचा गेला. उरला तो फक्त माझ्यापाशी. तरी माझ्यावर साधं फडकं फिरवायला कुणाला सवड नव्हती.

एकदा जागा कमी पडली म्हणून बुवांच्या सूनबाईंनी तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने नवी कोरी डिस्क आणली आणि पाहुण्याला पुढे बसवावं तशी पहिल्या खणात बसवली. माझी जुनी डिस्क सरकवली दुसऱ्या खणात.

आता ऐका. जागा झालो की मी आधी माझं घर शोधतो. त्याला रूट फाइल सिस्टीम म्हणतात. पुढे काय करायचं ते सगळं तिथेच ठेवलेलं असतं. मला पढवून ठेवलं होतं, घर पहिल्या खणात. तिथे पाहतो तर चार भिंतीसुद्धा नाहीत! मी पडद्यावर लिहिलं, ‘रूट फाइल सिस्टीम सापडत नाही. पहिली डिस्क रिकामी आहे. दुसऱ्या खणात आणखी एक डिस्क दिसते आहे.’ आणि आज्ञेची वाट पाहत थांबलो.

तंत्रज्ञाने पहिलं वाक्य वाचलं आणि बटण दाबून मला बंद केलं. पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा बंद! अरे बाबा, पुढचं वाच की! माझ्या जिवाची नुसती काहिली झाली.

“ताई, डिस्क गेली,” तो म्हणाला.

“गेली म्हणजे? सकाळी तर चालू होती!”

“जुनं मशीन आहे, किती ओढणार? सगळं पुसून नव्याने बसवून देतो. एकदम चकाचक.”

“आणि आमच्या बाबांची प्रवचनं?”

“त्यांची प्रत असेलच ना दुसरीकडे?”

“प्रत? ती तुम्ही काढणार होतात!”

“मी? मला वाटलं, तुम्ही काढताय.”

मी ओरडू तरी कसा? तंत्रज्ञ मला बंद करायला वाकला, तेवढ्यात इतका वेळ दाराशी उभे राहून ऐकणारे बुवा पुढे आले आणि त्यांनी बटणावर तळहात ठेवला.

“बुवा, हात काढा. शॉकबिक बसेल.”

बुवांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

तंत्रज्ञ वैतागून स्टुलावर बसला. करायला काहीच उरलं नाही, तेव्हा कुठे स्वारीने पडदा वाचला. अगदी शेवटपर्यंत.

“अरे देवा!”

“आता काय आणखी?” सूनबाई कळवळून म्हणाल्या.

“काही गेलेलं नाही, ताई. मीच उलटं बसवलं.”

त्याने मला घराचा खरा पत्ता दिला. यापुढे खण बघू नको, डिस्कचा स्वतःचा ओळखक्रमांक बघ, असंही पढवलं. मी सुरू झालो. सूनबाईंनी एक प्रवचन लावलं आणि बुवांचा आवाज घरभर घुमला. बुवांचे ओठ हलत होते, नुसतेच. सूनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“प्रत तेवढी काढून ठेवू हं, पुढच्या खेपेला,” तंत्रज्ञ पिशवी उचलत म्हणाला.

“हो हो, नक्की.”

मित्रांनो, मी चिडू नको तर काय करू? ती प्रत अजून निघालेली नाही. माझा पंखा हल्ली अडखळत फिरतो. तुमच्या घरीही कुणाचा तरी आवाज असाच एकाच ठिकाणी असेल. यंत्र काय सांगतंय ते शेवटपर्यंत वाचा, आणि प्रत आजच काढा. बुवा रोज माझ्याशेजारी बसून स्वतःचं गाणं ऐकतात. ते त्यांना पुन्हा गाता येणार नाही.