जिंकल्यावरचा डाव

मी कॅरम बोर्ड बोलतोय. मुक्काम लालबाग, चाळीचा दुसरा मजला, खोली नंबर चौदा. वय तीस पूर्ण. माझ्या वयाचे बहुतेक बोर्ड केव्हाच भंगारात गेले, तेव्हा थोडी घमेंड मला शोभते.

परळच्या एका सुताराने मला घडवलं. शिसवी चौकट आणि जाड प्लाय. पावडर टाकली की स्ट्रायकर असा सुळकन जायचा, की बघणाऱ्याच्या तोंडून "आयला!" निघायचं. भीमजयंतीच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस म्हणून मी कोंडीरामच्या घरी आलो. कोंडीराम विशीत गिरणीत बदली कामगार होता. ब्याऐंशीच्या संपात काम गेलं, पुढे तो एका बँकेत शिपाई झाला. त्या मधल्या दिवसांबद्दल तो कधी बोलला नाही. संध्याकाळी माझ्यासमोर मांडी घालायचा आणि राणी घ्यायचा, बस्स.

मुलालाही, राजरत्नला, त्यानेच शिकवलं. पोरगा सात वर्षांचा असताना सलग चार सोंगट्या घालायचा आणि पाचवीसाठी हात पुढे करून बसायचा. काय ते दिवस!

मग कोंडीरामचे जोडीदार एकेक करून विरार-बदलापूरला गेले. मी कपाटामागे उभा राहिलो. सुंदराबाईंनी, म्हणजे कोंडीरामच्या बायकोने, माझ्यावर उडदाचे पापड वाळवले. तक्रार नाही, पण राणी ती राणी आणि पापड तो पापड.

तीनेक वर्षांपूर्वी राजरत्नने कॉल सेंटरची नोकरी सोडली. म्हणाला, आता ऑनलाइन पोकर खेळून घर चालवणार. खोलीत असा स्फोट मी कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे पत्तेच ना? पैसे लावून?" कोंडीराम ओरडला. "अरे, या चाळीत पत्त्यांनी किती घरं बुडवली, माहितीय ना तुला?"

"पप्पा, एक वर्ष द्या फक्त. जयंती ते जयंती. नाय जमलं तर गपचूप नोकरी धरतो."

खोलीत टेबल नव्हतं. लोखंडी पेटीवर मला आडवं टाकलं आणि माझ्या छातीवर लॅपटॉप ठेवला. मोठा अपमान! शिवाय तो तापतो. पण कपाटामागून सुटका झाली होती, म्हणून गप्प बसलो.

हा खेळ मला वाटला तसा नव्हता. प्रत्येकाला दोन पानं मिळतात. पानं चांगली नसली तर डाव सोडायचा. दहातले सात-आठ डाव राजरत्न सोडूनच द्यायचा.

"सोडायचे पण पैसे मिळतात काय?" कोंडीराम खाटेवरून टोमणा मारायचा.

"सोडलं तर वाचतात, पप्पा."

सकाळी दोन तास तो आदल्या दिवशीचे डाव पुन्हा बघायचा. कुठे चुकलो, समोरच्याकडे काय असेल, आपण काय करायला हवं होतं. दुपारी खेळायला बसायचा. मेहनत खरी होती. तरी नऊ महिने झाले आणि गाडी जागची हलेना. कमावलेलं सगळं हातातून निसटायचं, आणि का ते त्यालाच कळेना. जयंती जवळ येत होती. मला त्याची काळजी वाटू लागली.

एका दुपारी कोंडीराम चहाची बशी घेऊन मागे उभा राहिला. बराच वेळ बघितलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग म्हणाला, "राजा, तू जिंकलास की लगेच पुढच्या डावात घुसतोस. पानं न बघितल्यासारखा."

"नाय हो, पप्पा."

"हे कॅरम नाय रे. सोंगटी गेली म्हणून पुन्हा तुझाच चान्स नसतो."

राजरत्न लॅपटॉपकडे वळला. त्याने जुने डाव उघडले, शंभर, दोनशे, पाचशे. म्हातारा बरोबर होता. मोठा डाव मारला, की पुढचा तो भिकार पानांवरही खेळत होता. सात वर्षांच्या हाताची सवय, माझ्यावरच लागलेली! मला फार ओशाळल्यासारखं झालं.

त्याने माझ्या चौकटीवर कागद चिकटवला: 'जिंकलास? थांब.' तिथून खेळ सुधारला. जयंती आली तेव्हा घर तो चालवत होता, आणि पुढची दोन वर्षंही त्यानेच चालवलं. पण "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं, की कोंडीराम म्हणायचा, "कंप्युटरवर असतो." काम हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही. राजरत्नला तोच एक शब्द हवा होता. बापाचं उत्तर ऐकलं, की माझ्यावरचा त्याचा तळवा क्षणभर थांबायचा.

मग दोन हजार पंचवीसच्या ऑगस्टमध्ये कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. राजरत्न मिटलेल्या लॅपटॉपसमोर बसून राहिला. शेजारचे आनंदा दारात येऊन म्हणाले, "बरं झालं, कोंडीराम. जुगार सुटला पोराचा."

कोंडीराम उठून उभा राहिला. "जुगार नाय, आनंदा. पोराचं काम गेलंय. आपल्या दोघांचंही संपात गेलं होतं ना? तेव्हा बरं झालं म्हणत आलेला माणूस आवडला असता तुला?"

आनंदा खाली बघत आत आले आणि राजरत्नच्या पाठीवर हात ठेवला. राजरत्न तोंड फिरवून रडला. मीही रडलो असतो, पण लाकडाला ती सोय नाही.

कोंडीरामने लॅपटॉप उचलून खाटेवर ठेवला आणि हाक मारली, "सुंदरा, पावडर कुठंय गं?"

राजरत्नला आता लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी आहे. मुलाखतीत तीन वर्षं काय केलं असं विचारल्यावर त्याने सांगितलं, "पोकर खेळायचो. ते माझं काम होतं." घरी येऊन हे त्याने बापाला दोनदा ऐकवलं.

त्याचा पोटापाण्याचा धंदा बुडाला तेव्हा मी मोकळा झालो, आणि मला आनंद झाला. हा स्वार्थ मी कबूल करतो. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसतात. तुमच्या कपाटामागे माझा एखादा भाऊबंद उभा असेल, तर त्याला तेवढा आडवा करा. अगदीच कुणी नसलं समोर बसायला, तर पापड घाला.

चौकटीवरचा कागद अजून आहे. काल राजरत्नने राणी घेतली, वर सोंगटीही घातली आणि त्या कागदाकडे बघून सवयीने थांबला.

"थांबलास का?" कोंडीराम म्हणाला. "मार. तुझाच चान्स आहे."