ढेकळ्याची अदलाबदल

“अवं, टाकी वाह्यला लागली! मोटर बंद करा!” सरूबाई बंगल्याच्या मागच्या दारातून ओरडली.

“थांब जरा, रेडा पेटलाय!” विठ्ठल पुढच्या व्हरांड्यातून तेवढ्याच जोरात ओरडला.

रेडा मोबाईलमध्ये पेटला होता. टाकीचं पाणी मात्र खरंखुरं होतं आणि ते जिन्यावरून उतरून मालकांच्या गालिच्यात मुरायला लागलं होतं. शेवटी सरूबाईनंच मोटर बंद केली आणि ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. तोवर रेड्यानं विठ्ठलच्या टिटवीला एका फटक्यात आडवं केलं होतं.

“मेली?” सरूबाईनं विचारलं.

“मरत न्हाई ती. बेशुद्ध पडते.”

“मग तुमी पन पडा तिच्या शेजारी. गालिचा मी एकटी वाळवते.”

विठ्ठल जवळच्याच औंढे गावचा. लोणावळ्याच्या कडेला मुंबईकरांचा एक बंगला आहे, तो हे नवराबायको सांभाळतात. मालक शनिवारी येतात, रविवारी जातात. उरलेले दिवस, संध्याकाळी गावातल्या घरी परतेपर्यंत, बंगल्यात हे दोघं, एक म्हातारा कुत्रा आणि अखंड चालू असलेलं वायफाय. पन्नाशी उलटलेल्या माणसाला इतकं वायफाय फुकट मिळालं की तो बिघडणारच. मालकांच्या मुलीनं, अनघानं, एकदा गंमत म्हणून त्याच्या मोबाईलवर राक्षस पकडायचा गेम टाकून दिला. रानात हिंडायचं, राक्षस पकडायचे, त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायचं आणि शेवटी राजाच्या सहा राक्षसांशी आपले सहा लढवायचे. अनघा आठवड्यात कंटाळली. विठ्ठल मात्र थेट शेवटच्या राजापर्यंत पोचला आणि अख्खा पावसाळा तिथंच रुतून बसला.

राजाचे पहिले पाच राक्षस तो आता विडी ओढता ओढता पाडत असे. त्याची युक्ती साधी होती. आपले दमदार गडी आधी बाहेर काढायचेच नाहीत. किरकोळ मंडळी पुढे करून राजाच्या राक्षसांना नुसतं ओरबाडत राहायचं. राजा घाबरट, तो लगेच त्यांना औषधं पाजत सुटतो, आणि शेवटच्या पेटत्या रेड्यासाठी त्याच्याकडे थेंबभर औषध उरत नाही. मग आपल्या घुबडी राक्षसिणीनं रेड्याला झोपवायचं आणि ढेकळ्यानं त्याच्यावर चिखल ओतायचा.

घोडं इथंच अडत होतं. ढेकळ्या म्हणजे डोळे फुटलेलं मातीचं ढेकूळ. विठ्ठलनं पहिल्या दिवशी पकडलेला पहिला राक्षस. त्याच्यावर जीव होता, पण तो ओतणार किती चिखल? तांब्याभर. रेडा झोपेतून उठायचा आणि ढेकळ्या फुटायचा. ढेकळ्याचा डोंगर व्हायला हवा होता. गेमचा नियम असा की तो वाढतो फक्त अदलाबदलीत. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळाडूला ढेकळ्या द्यायचा, बदल्यात त्याचा कुठलाही राक्षस घ्यायचा. दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये जाताच ढेकळ्याचा डोंगर होतो. मग पुन्हा अदलाबदल करून तो परत घ्यायचा. म्हणजे, समोरच्यानं दिला तर.

विठ्ठलनं संध्याकाळी घरी बसून ‘जवळचे खेळाडू’ हे बटण दाबलं. सगळ्या औंढ्यात एकच नाव आलं : किंग बाजीराव.

त्यानं मोबाईल पालथा ठेवला.

बाजीराव हा त्याचा सख्खा थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी त्यानं पाइपलाइन टाकायला म्हणून विठ्ठलकडून बांधालगतची पट्टी मागून घेतली होती, एका हंगामापुरती. पाइपलाइन झाली, पाठोपाठ बांधही सरकला आणि पट्टीवर बाजीरावचं भात उभं राहिलं. विठ्ठलनं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “पीक निघू दे, मग बघू.” चार पिकं निघाली. दोघं भाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते. बाजीराव हा गेम खेळतो हे गावाला ठाऊक होतं. सासऱ्याची घरातली कटकट थांबावी म्हणून त्याच्या सुनेनं, अपेक्षानं, तो त्याला शिकवला होता. घरात आता शांतता होती म्हणे.

“ज्यानं जमीन परत दिली न्हाई,” सरूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “त्याच्या हातात तुमी ढेकूळ द्यायला निघालाय?”

“दुसरं कोन हाय हितं?”

“मग ऱ्हाऊ द्या त्यो रेडा जित्ता. आपल्याला काय त्याचं दूध काढायचंय?”

तरी दुसऱ्या दिवशी विठ्ठलनं डेअरीवरच्या हनुमंतकडे निरोप ठेवला. दोघा भावांचं दूध हनुमंतच मापायचा, त्यामुळे दोघांचे टोमणेही त्याच्याकडूनच इकडून तिकडे जायचे. राक्षसांचा व्यवहार मात्र त्यानं पहिल्यांदाच हाताळला. संध्याकाळी उत्तर आलं : “बांधावर ये म्हनतोय. त्यो त्याच्या बाजूला उभा ऱ्हानार, तू तुज्या. साक्षीला मी येऊ का?”

विठ्ठल म्हणाला, नको.

भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. दोघं भाऊ बांधाच्या दोन बाजूंना मोबाईल धरून उभे राहिले. बाजीराव भाताकडे बघत बोलला, “आधी तू दे.”

“दोगांचं एकदमच जातं. गेमच तसा हाय.”

“मग ठीक.”

ढेकळ्या गेला. बदल्यात बाजीरावनं काय दिलं? एक चिलट. गेममधला सगळ्यात फालतू राक्षस, फुंकर मारली तरी बेशुद्ध पडणारा. विठ्ठलला पट्टी आठवली. एवढ्यात बाजीरावच्या मोबाईलमधून असा काही आवाज आला की भातातले बगळे उडाले. ढेकळ्याचा डोंगर झाला होता. डोक्यावर झाड, अंगाखांद्यावर झरे. बाजीराव बघतच राहिला.

“खाली काय लिवलंय रं? मूळ मालक विठ्ठल. हे पुसता येत न्हाई?”

“न्हाई. कुनाकडंबी गेला तरी तेच ऱ्हातं.”

“सातबाऱ्यापरीस पक्कं काम हाय,” बाजीराव म्हणाला.

“आता दे परत.”

“थांब की. एकदा राजाला घेतो. मीबी गनपतीपासनं अडकलोय.”

सगळं अगदी पट्टीसारखंच चाललं होतं. विठ्ठलला मोबाईल हिसकावून घ्यावासा वाटला, पण बाजीरावनं तोवर लढाई सुरू केली होती, आणि ती इतकी अडाणीपणानं की त्याला बघवेना. पहिल्याच राक्षसापुढे त्यानं डोंगर काढला.

“आत घे त्याला! किरकोळ पुढं कर!”

“का?”

“राजाची औषधं संपव आधी!” विठ्ठल बांधावर चढला. पडदा दिसेना म्हणून भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. “हां, ओरबाड. आता औषध पाजंल बग. पाजलं! परत ओरबाड.”

पाच पडले. रेडा आला.

“टाकू चिखल?”

“न्हाई! आधी झोपव! दादा, आधी झोपव त्याला!”

चार वर्षांनी ‘दादा’ निघालं, आणि निघालं ते रेड्यापायी. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. रेडा झोपला, डोंगरानं चिखलाचा लोट सोडला आणि राजा हरला. बाजीरावनं विठ्ठलच्या पाठीत जो गुद्दा मारला तो लहानपणी मारायचा तसाच होता.

“आता दे,” विठ्ठल म्हणाला.

बाजीरावनं मोबाईलकडे पाहिलं. पडदा काळा पडला होता. “बॅटरी गेली. उद्या देतो.”

घरी सरूबाईनं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, “उद्या म्हंजे कंच्या सालातलं?”

विठ्ठल चिलट उघडून बसला. खाली ‘सोडून द्या’ असं लाल बटण होतं. दाबलं की चिलट कायमचं जातं. हिशेब फिटला असता. त्यानं बोट नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. चिलट बापडं त्याच्याकडे बघून पंख हलवत होतं. शेवटी त्यानं त्याला खायला घातलं आणि मोबाईल ठेवून दिला.

सकाळी गुरांचं आवरतोय तोच अंगणात बाजीराव उभा. आंघोळ केलेली, टोपी धुतलेली, हातात मोबाईल. “फुल चार्ज केलाय,” तो म्हणाला. “माजं चिलट नीट हाय ना?”

“हाय. जेवलंय.”

अदलाबदल झाली. विठ्ठलनं डोंगर नीट पाहिला. कुठे ओरखडा नव्हता, पोट भरलेलं होतं. त्याचे डोळे भरून आले. सरूबाईला त्यानं चुलीचा धूर गेला म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे गॅस होता.

“भावजी, बसा. चहा टाकते,” सरूबाई म्हणाली. बाजीराव पायरीवर टेकला. सरूबाईला मनात ठेवायची सवय नव्हती, कप हातात देतानाच तिनं विचारलं, “आनि पट्टीचं?”

बाजीरावनं कपात पाहिलं. “पीक निघू दे. मग बघू.”

पट्टी गेली ती गेलीच, हे विठ्ठलला कळलं. वाईटही वाटलं. पण तो काही बोलायच्या आत बाजीराव सरकून म्हणाला, “काढ तुजा राजा. बस हितं.”

ओरबाडून झालं, औषधं संपली, पाच पडले. रेडा झोपला. आता फक्त डोंगर काढायचा आणि चिखल सोडायचा. विठ्ठलनं शेजारी बघितलं. भावाचा चहा संपत आला होता. विठ्ठलचं बोट डोंगरावरून सरकलं आणि त्यानं टिटवी काढली. रेडा उठला आणि डाव गेला.

“येड्या!” बाजीराव ओरडला. “डोंगर सोडून टिटवी काडतोस व्हय?”

“चुकलं, दादा.”

“उद्या सकाळी येतो. तवर हात लावू नको.” बाजीराव टोपी सारखी करून गेला.

सरूबाई अख्खा पावसाळा नवऱ्याचा खेळ बघत आली होती. रेड्यापुढे टिटवी कधी काढायची नाही, हे तिलासुद्धा पाठ झालं होतं. तिनं बाजीरावचा कप धुतला आणि फळीवर परत न ठेवता शेगडीजवळच उपडा घातला.